डाव्या फुलबॅकची बातमी

तिच्या पेटीत तळाशी एक पुडकं निघालं, फुटबॉलच्या नाडीनं बांधलेलं. आताच्या बॉलला नाडी नसते, म्हणून सांगावं लागतं. आमच्या वेळचा बॉल चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेला असायचा, आत रबरी ब्लॅडर, आणि तोंड बांधायला बुटासारखी चामडी नाडी. हेडिंग करताना ती नाडी कपाळाला लागली की दोन दिवस वळ राहायचा. असल्या नाडीनं तिनं पेपरची कात्रणं बांधून ठेवली होती. पन्नास वर्षांनी नाडी लाकडासारखी कडक झाली होती, पण नाकाला लावली तर एरंडेलाचा वास अजून होता.

पेटी माझ्या मुलीनं उघडली. मंगल कोपरगावला शाळेत शिकवते. आई गेल्याला चार महिने झाले, आता तरी आवरायला पाहिजे म्हणून आली होती.

"बाबा, ही तर सगळी रद्दी आहे. देऊन टाकू?"

"हात लावू नको."

"मग वाचून दाखवू का काय आहे ते?"

"नको. माझं मी वाचीन."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला ठाऊक आहे, मी चौथीत शाळा सोडली. अक्षराला अक्षर जोडून वाचतो. एक ओळ वाचून होईपर्यंत समोरचा चहा पिऊन मोकळा होतो. पण मी नको म्हटलं ते नको.

मला त्या पुडक्यातली एकच बातमी पाहिजे होती. एका फायनलची, डाव्या फुलबॅकची. सगुणेनं ती मला तीनदा वाचून दाखवली होती. सगुणा म्हणजे माझी बायको. जिवंत असताना तिला मी कधी नावानं हाक मारली नाही, ऐकलं का म्हणायचो, आता नाव घेतो. चार महिन्यांत माणसाचा आवाज कानातून जातो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चेहरा फोटोत राहतो. आवाज कुठं राहतो? मला वाटलं, ती बातमी सापडली आणि मी ती मोठ्यानं वाचली तर मागून तिचा आवाज येईल. म्हाताऱ्याचं खूळ म्हणा. पण तेवढ्यासाठी रविवारी देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, आल्यावर पुडकं पिशवीत घातलं, चष्मा घेतला आणि शाळेच्या मैदानावर गेलो.

मैदान म्हणजे आता नावाला. अर्ध्या भागात गाड्या लावतात. पलीकडच्या गोलच्या जागी पत्र्याची शेड आहे. दगडी पायऱ्या मात्र आहेत, तीन, आणि त्यामागं कडुनिंब. दुसऱ्या पायरीवर बसलो. ती जुनी माझी जागा.

या मैदानावर मी शिपाई होतो. शिपाई म्हणजे शाळेची घंटा, पाण्याचे रांजण आणि मैदान. सामन्याच्या दिवशी सकाळी फक्की मारायची. सुतळी ताणायची, डब्याला खालून भोकं पाडलेली, त्यात पांढरी फक्की भरून सुतळीच्या बाजूनं डबा हलवत चालायचं. गोल काढायचा तर मधे खुंटी ठोकून सुतळी फिरवायची. हाताला, पापण्यांना, नाकातल्या केसांना फक्की. घरी गेलो की सगुणा म्हणायची, "आले पीठगिरणीवाले." मग बॉल. ब्लॅडरला सायकलचा पंप लावून हवा भरायची, पंक्चर असेल तर सोल्युशन लावून रबराचा तुकडा चिकटवायचा, नळी दुमडून आत सारायची, सुईनं नाडी ओवायची, वरून एरंडेल चोळायचं. नवीन बॉल दाबून बघितला की दाब बरोबर आहे का ते मला अंगठ्यात कळायचं. अजून कळतं. मंगलच्या पोरीला परवा तिचा फोन दाबून सांगितलं, हवा कमी आहे. लई हसली.

आणि संध्याकाळी मी खेळायचो. मिशन कंपाउंडच्या टीममध्ये, डावा फुलबॅक. भिंगारच्या छावणीतल्या टीमबरोबर सामने व्हायचे. बंगाली, गुरखे, केरळचे, नाना तऱ्हेचे जवान यायचे. दूर रेंजवर रणगाड्यांचे बार वाजायचे आणि इकडं शिट्टी. बूट आमच्यातल्या पाच जणांनाच होते. बाकीचे घोट्याला पट्टी बांधून अनवाणी.

फुलबॅकचं काम काय, हे पेपरवाल्यांना तेव्हा कळलं नाही आणि टीव्हीवाल्यांना आज कळत नाही. गोल मारणारा नव्वद मिनिटांतून दोन मिनिटं काम करतो. फुलबॅक सगळा वेळ एका माणसाच्या मागं असतो, आणि त्या माणसाचं नाव पेपरात आलं नाही की समजायचं फुलबॅकनं काम चोख केलं. म्हणजे चोख केलं की दोघांचंही नाव येत नाही. असला धंदा.

दुष्काळ पडला त्या साली माझा गुडघा गेला. कसा गेला ते सांगण्यात काय आहे. दोन माणसं एका बॉलवर गेली, बॉल निघून गेला. त्या साली मैदानावर गवताची काडी नव्हती, पाण्याचे टँकर माणसांना पुरत नव्हते तर मैदानावर कोण मारतो. वारा सुटला की फक्कीच्या रेषा उडून कडुनिंबाखाली जमा व्हायच्या. मी पडलो तो रेषेवरच पडलो. अंगाला धूळ आणि फक्की, तोंडात खडे. डॉक्टरांनी मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं.

चार महिने खाटेवर. खोलीत एक खिडकी, तिच्यातून गोलचा एक खांब दिसायचा. फक्त एक, डावा. घंटा आता दुसराच कुणी वाजवायचा आणि नेमकी चुकीची वाजवायचा, मधल्या सुट्टीचे टोल शाळा सुटल्यासारखे. प्लास्टरच्या आत खाज सुटायची, सगुणा विणकामाची सुई आत घालून खाजवायची. लाल ज्वारीच्या भाकरीचा वास, प्लास्टरचा ओला चुन्याचा वास, कडुनिंबाच्या धुरीचा वास. प्लास्टर काढलं तेव्हा पाय काठीसारखा निघाला. डॉक्टर म्हणाले, चाला. मी चाललो नाही. पाय खाली टेकवायचोच नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचो. सगुणेशी बोलत नव्हतो, जेवताना फक्त आणखी नको म्हणायचो. पंचवीस वर्षांचा घोडा.

ती मुलींच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाकाला होती. त्याच बोर्डिंगात शिकली होती, सातवी पास. आमच्या घरात तेवढंच शिक्षण, सगळं तिच्याकडं. मेट्रनबाईंकडं पेपर यायचा, माळीवाड्याच्या स्टँडवर एस.टी.नं उतरायचा तो. बाईंचा वाचून झाला की दुसऱ्या दिवशी फळ्यांवर अंथरायला स्वयंपाकघरात यायचा. त्यातलं एक पान एके दिवशी दुपारी ती घेऊन आली. तीन वाजलेले, बोर्डिंगची भांडी आवरून झालेली, हाताला राखेचा वास.

"फुटबॉलचं आलंय," ती म्हणाली. "वाचू?"

मी भिंतीकडं आणखी सरकलो.

"आलंय ते वाचते. ऐकायचं तर ऐका, न्हाई तर न्हाई."

खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसून तिनं वाचायला सुरुवात केली. ओळीवर बोट ठेवून वाचायची, वरून खाली. कलकत्त्याच्या सामन्याचं होतं. पाऊस पडून मैदान निसरडं झालेलं, लोक झाडांवर चढून बसलेले, असं. मी भिंतीकडं तोंड करून ऐकत होतो. मग आलं, डाव्या फुलबॅकनं तीन वेळा बॉल अडवला. मी तोंड फिरवलं.

"नाव काय त्याचं?"

तिनं पानावर बोट फिरवलं, वर, खाली. "नाव न्हाई छापलं."

"बघ. नाव छापत न्हाईत. गोल मारणाऱ्याच्या आजोबाचं छापतील."

त्या दिवसापासून ते रोजचं झालं. रोज पेपरात फुटबॉल कुठलं असणार, पण आठवड्यातून दोनदा तरी ती पान घेऊन यायची. मुंबईचा कप, कलकत्त्याची लीग, पंजाबच्या टीम, हैदराबादच्या टीम. पैसे घेऊन, नोकऱ्या घेऊन खेळणारे ते लोक, त्यांची मापं, त्यांच्या लकबी मला पाठ झाल्या. मी त्यांच्यावर बोलायलाही लागलो. अमक्याला उजवा पाय नाही. तमका पोट सुटल्यावर कशाला खेळतो. सगुणा ऐकून घ्यायची, मधेच म्हणायची, "अहो, तुमी खाटेवर पडून त्याला पळायला शिकवताय." आदल्या दिवसाचं परत वाच म्हटलं तर परत वाचायची. शब्द तेच. म्हणून तर मी पेपरला मानायचो. रेडिओ तसा नाही, एकदा बोलला की गेला.

रेडिओ बाबूचाचाकडं होता. दिल्ली दरवाजाजवळ चाचाचं दुकान, टांग्याचे साज शिवायचा आणि शाळेचे बॉलही शिवायचा. खिळ्याला रेडिओ टांगलेला, खाली चामड्याचे तुकडे, मेणाचा गोळा, आरी. मोठ्या सामन्याची कॉमेंट्री असली की टांगेवाले घोड्यांसकट दुकानापुढं उभे. अर्धी कॉमेंट्री हिंदी, अर्धी इंग्रजी, बाकीची खरखर. चाचा खरखरीचंही भाषांतर करायचा. मला तो नावानं नाही, फुलबॅक म्हणूनच हाक मारायचा.

मुंबईच्या कपाची फायनल झाली. कलकत्त्याचा संघ आणि पंजाबचा. दोन दिवसांनी सगुणा पान घेऊन आली. त्या दिवशी चहा माझ्या हातात होता. तिनं वाचलं ते मला अजून येतं, फक्त तिच्या आवाजात येत नाही.

कलकत्ता एक गोलनं पुढं. शेवटची पाच मिनिटं. त्यांचा गोलकीपर पुढं आलेला, चुकलेला, मागं गोल मोकळा, आणि बॉल गोलकडं चाललेला, जोरात नाही, आपल्या चालीनं, लोकांना मोजता येईल इतका हळू. डावा फुलबॅक मागून पळत आला. हा फुलबॅक गुडघ्याला मार लागून चार महिने अंथरुणाला होता. गुडघ्याला पट्टी होती. त्यानं रेषेवर अंग टाकलं आणि बॉल बाहेर काढला, स्वतः खांबावर आदळला. माणसं उचलायला धावली. त्यानं हात केला, नको. खांबाला धरून उठला. आणि मग तो आपल्या पायानं चालत आपल्या जागेवर गेला.

माझ्या हातातला चहा पानावर सांडला.

"परत वाच."

तिनं परत वाचलं. मी म्हटलं आणखी एकदा. ती म्हणाली, "घसा दुखतो," आणि वाचलं. दुसऱ्या दिवशी ती बोर्डिंगला गेल्यावर मी पाय खाली टेकवला. खिडकीपर्यंत गेलो, गजाला धरून. गोलचा दुसरा खांब दिसला. चार महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही खांब.

आठ-दहा दिवसांनी काठी घेऊन चाचाच्या दुकानी पोचलो. सगळ्या टांगेवाल्यांपुढं सांगितलं, फायनलमध्ये कसा रेषेवरून काढला. चाचा शिवता शिवता थांबला.

"कुठल्या फायनलमधे?"

"मुंबईच्या."

"अरे फुलबॅक, मी शेवटपर्यंत ऐकली. शेवटची दहा मिनिटं बॉल पंजाबच्याच गोलपुढं होता. असलं काही झालं नाही."

"छापून आलंय."

"मी कानानं ऐकलं, बाबा."

"चाचा, तुझ्या कानात मेण गेलंय. पेपरात छापून आलंय. छापलेलं खोटं असतं काय?"

टांगेवाले हसले, कुणाला हसले ते कळलं नाही. माझं डोकं फिरलं. म्हणालो, इथून पुढं शाळेचा बॉल तुझ्याकडं येणार नाही. काठी आपटत घरी आलो. घरी येऊन सगुणेला म्हटलं, आपण पेपरला कार्ड टाकू. लिही. मी सांगितलं तसं तिनं लिहिलं. संपादक साहेब, तुमचा बातमीदार डाव्या फुलबॅकचं नाव का देत नाही, त्यामुळं नगरसारख्या गावात चांगल्या माणसांची भांडणं होतात, तरी नाव कळवावं. ती मान खाली घालून लिहीत होती. खांदे हलत होते. मला वाटलं खोकतेय.

कार्ड टाकून आली. आठवड्यानं पान घेऊन आली आणि वाचलं, नगर येथील एका जाणकार वाचकानं विचारणा केली आहे, परंतु सदर फुलबॅक अबोल असल्यानं नाव सांगत नाही, क्षमस्व. जाणकार वाचक. मी काठीबिठी टाकून कंपाउंडभर सांगत फिरलो. काठी पुन्हा घेतली नाही, ती चुलीत गेली.

महिन्यानं चाचा घरी आला. तो कधी घरी येत नसे. दारात उभा, हातात शाळेचा एक बॉल, फुकट शिवून आणलेला. म्हणाला, "फुलबॅक, माझी चूक झाली. त्या दिवशी रेडिओ खरखरत होता. भाभी वाचते ते खरं." हे म्हणताना माझ्याकडं बघत नव्हता, सगुणेकडं बघत होता. आणि ती पदर तोंडाला लावून चहा टाकायला आत गेली. मी छाती काढून म्हटलं, "बस चाचा. होतं असं." माफ केलं मी त्याला. मी.

पुढं पाऊस झाला, गवत आलं. मी खेळलो नाही परत, पण फक्की मारली, शाळेनं काढेपर्यंत मारली. नाताळच्या सुट्टीतले सामने, बाहेरून मेणबत्त्यांचा आणि करंज्यांचा वास, मैदानावर ओल्या चामड्याचा. तिचं वाचन चालू होतं. दुपारी तीनला, बोट ओळीवर, वरून खाली. मंगल झाली, पाळण्यात पाय हलवायची आणि ती वाचायची.

मग टीव्ही आला. आधी मेट्रनबाईंकडं, मग आमच्याकडं. जगातले सामने दिसायला लागले. मी खुर्ची पुढं ओढून बसलो तो बसलोच. एकदा दुपारी ती पेपर हातात घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "आता वाचायला नको का?"

मी म्हटलं, "आता दिसतंय की."

तोंड न वळवता म्हटलं. एवढंच. पेपर तिनं फळीवर अंथरला. त्यानंतर तिनं कधी वाचलं नाही आणि मीही कधी वाच म्हटलं नाही. तीस-पस्तीस वर्षं. हे मला ती गेल्यावर आठवलं, त्याआधी एकदाही आठवलं नव्हतं, हे खरं सांगतो.

आणि काय दिसतं टीव्हीवर? चाळीस कॅमेरे असतील, पण सगळे बॉलच्या मागं, लग्नात नवरीमागं असतात तसे. फुलबॅक चुकला की चारदा हळू करून दाखवतात. त्यानं वाचवलं की जाहिरात. कोट घातलेले तिघं टेबलाशी बसून सांगतात की त्यानं काय करायला पाहिजे होतं, त्यांच्यातला एक तरी चिखलात पडलेला दिसत नाही. गोल मारला की एकटाच अंगरखा काढून पळतो. पास कुणी दिला? तो मागं एकटा चालत असतो, कॅमेऱ्याच्या बाहेर. पोरं चांगली खेळतात, आमच्यापेक्षा दहापट, खोटं कशाला बोलू. पण सांगणारे वाईट झाले. नुसते आकडे सांगतात. माणसाला चार महिने खाटेवर पडून राहिल्यावर उठवेल असं एक वाक्य त्यांच्या तोंडातून निघत नाही.

तर पायरीवर बसून नाडीची गाठ सोडली. नाडी तुटली. कात्रणं पिवळी, काठाला हात लावला की चुरा. चहाचा डाग शोधत गेलो आणि सापडला, तपकिरी, मंगळुरी कौलाच्या रंगाचा. हीच ती. चष्मा पुसला. वरून वाचायला लागलो, बोट ठेवून, तिच्यासारखं.

पहिली ओळ लागली. क्रिकेट. दुसरी ओळ क्रिकेट. पाचवी, दहावी, फलंदाज, धावा, उपाहार. मधे चौकोनी भोक, फोटो कापून काढलेला. मला वाटलं, चुकीचं कात्रण आहे. पण डाग तोच. खाली खाली आलो. अगदी तळाशी दोन ओळी होत्या. फुटबॉल. मुंबई येथे झालेल्या अंतिम सामन्यात कलकत्त्याच्या संघाने पंजाबच्या संघावर एक विरुद्ध शून्य असा विजय मिळविला.

संपलं. एवढंच छापलं होतं.

मी पान उलटून बघितलं. मागं सिमेंटची जाहिरात. परत पुढं केलं. तेव्हा कडेची कोरी जागा दिसली. तिथं पेन्सिल होती. तिचं अक्षर, बोर्डिंगचं, गोल, एकेक वेगळं. शेवटची पाच मि. कीपर पुढे. बॉल हळू. डावा फु. मागून. गुडघ्याला पट्टी. ४ महिने. खांब. हात नको म्हणतो. आपल्या पायाने.

परत वाच म्हटलं तर शब्द तेच यावेत म्हणून लिहून ठेवलेलं.

सगळी कात्रणं उघडली. प्रत्येकात वर क्रिकेट, फोटो कापलेला, मला बॅट दिसू नये म्हणून, खाली दोन ओळी, एखाद्यात तर फुटबॉलचं नावही नाही. आणि कडेला पेन्सिल. निसरडं मैदान. लोक झाडावर. तीनदा अडवला. सगळ्यात खाली माझं कार्ड. संपादक साहेब. टपालाचा शिक्का नसलेलं. कार्डाच्या कोपऱ्यात बारीक, चाचाला सांगितले, गप्प बसेन म्हणाला.

राग आला आधी. चाचावर, सगळ्या टांगेवाल्यांपुढं मी त्याच्या कानात मेण घातलं आणि त्यानं ते ठेवून घेतलं. मग हसू आलं, अबोल असल्यानं नाव सांगत नाही, काय डोकं बाईचं. मग जे यायचं ते आलं. गाडी लावणाऱ्या एकानं विचारलं, "आजोबा, बरं वाटत नाही का?" म्हटलं, "माती गेली डोळ्यात." मैदानावर माती कुठं, सगळं डांबर.

मग डोळे पुसले आणि मोठ्यानं वाचलं. आधी छापलेलं. त्यात ती नव्हती, त्यात कुणीच नव्हतं. मग कडेचं वाचलं. शेवटची पाच मिनिटं. आणि गुडघ्याला पट्टी म्हटलं तेव्हा आला. तिचा आवाज. पट्टीतला ट्ट ती जरा दाबून म्हणायची, बोर्डिंगच्या बाईंसारखा. तेवढाच आला, एका शब्दापुरता. पण आला.

काल रविवारी टीव्हीवर मोठा सामना होता, परदेशातला. आवाज बंद केला. कोटवाले तोंडं हलवत बसले, बसू देत. मी डाव्या फुलबॅककडं बघत राहिलो, कॅमेऱ्यात येईल तेवढा. आज सकाळी मंगलनं लावून दिलेला पेपर आणला, खेळाचं पान काढलं. फोटो कात्रीनं कापून टाकला. मग पेन्सिल घेतली आणि कडेच्या कोऱ्या जागेत लिहायला बसलो. दोन तास लागले. पहिल्या पंधरा मिनिटांत फुलबॅक चुकला. एक बाई बाहेर बसून बघत होती. तिनं कुणाला सांगितलं नाही. मग तो उठला, पण त्यानं वळून बघितलं नाही, ही त्याची मोठी चूक. सामना संपायच्या आत त्यानं वळून बघितलं.

संध्याकाळी पाच वाजता हे पान घेऊन तिच्याकडं जाणार आहे, कबरस्तानात, भिंतीकडच्या रांगेत. खाली बसता येत नाही, गुडघा तोच, उभ्यानंच वाचीन. ओळीवर बोट ठेवून, वरून खाली. ती म्हणेल, "खरंच असं छापलंय व्हय?"

म्हणेन, छापून आलंय.